व्याख्यातेहो, थोडं दाणागोट्याचंही बोला

प्रति,
गावोगावच्या व्याख्यानमाला आणि जयंती मंडळं चालवणारे कार्यकर्ते,
तसंच त्यांच्या मंचावरून इतिहास सांगणारे सगळे व्याख्याते,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या गावच्या मंडळानं पानिपतावर व्याख्यान ठेवलं होतं. वक्ता तरुण, आवाज खणखणीत, पाठांतर दांडगं. दोन तास पाण्याचा घोट न घेता बोलला. विश्वासरावांना गोळी लागली तिथं बायकांनी डोळ्याला पदर लावले. मल्हारराव होळकर रणातून निघून गेले तिथं मागच्या पोरांनी ‘गद्दार, गद्दार’ अशा आरोळ्या ठोकल्या. मी दुसऱ्या रांगेत वही घेऊन बसलो होतो. मोजत बसायची जुनी सवय आहे. दोन तासांत ‘तलवार’ ४१ वेळा आली. एखादी निसटलीही असेल, लाउडस्पीकर मधूनच खरखरत होता. धान्य एकदाही आलं नाही. वैरण नाही, बैल नाही. ‘उपाशी’ तेवढा एकदा आला, तोही ‘उपाशी वाघासारखे तुटून पडले’ असा.

शेवटी प्रश्न विचारा म्हणाले म्हणून मी उठलो. विचारलं, ‘अडीच महिने तिथं घोडी काय खात होती?’ वक्ता हसून म्हणाला, ‘काका, ती मराठ्यांची घोडी होती, त्यांना भूक कुठली!’ टाळ्या पडल्या. मी खाली बसलो. घरी येऊन जे सुचलं ते हे पत्र. त्या एका पोरावर माझा राग नाही. तुम्ही जे ऐकता, जे छापता, ज्याला शिट्ट्या मारता, तेच तो बोलला.

मी २८ वर्षं फौजेत काढली, आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये. पीठ, डाळ, तेल, रॉकेल, डबाबंद भाजी उतरवून घ्यायची, मोजायची, पुढं धाडायची. पायदळातले दोस्त आम्हाला ‘किराणा दुकान’ म्हणायचे. माझी सोयरीक जुळवताना मध्यस्थानं मुलीकडं सांगितलं होतं, ‘पोरगा बॉर्डरवर असतो.’ कोठीवर असतो म्हटलं असतं तर पाहुण्यांनी चहा अर्धा ठेवला असता.

दोन हिवाळे लडाखला होतो. तेव्हा झोजिला बर्फानं बंद झाला की उन्हाळ्यापर्यंत ट्रक नाही. त्यामुळं हिवाळ्याचा सगळा साठा त्याआधी वर चढवायचा. त्यातल्या एका वर्षी माझ्या हातून मोजणीत चूक झाली. एका चौकीच्या रॉकेलचे गळके डबे भरलेल्यांत धरले गेले. फेब्रुवारीत तिथला हवालदार फोनवर म्हणाला, ‘स्टोव्ह अर्धाच वेळ पेटवतोय.’ खाली बसलेल्याला वाटेल, जेवण थोडं गार खाल्लं असेल. त्या उंचीवर पाणी म्हणजे वितळवलेला बर्फ. रॉकेल संपलं की पाणी संपलं. खेचरांवर जादा डबे पोचेपर्यंतचे नऊ दिवस मी नीट झोपलो नाही. कोणी दगावलं नाही. पण गोळी न झाडता आपलीच माणसं कशी मारता येतात, हे मला त्या नऊ दिवसांत कळलं.

म्हणून म्हणतो, पानिपतचा हिशेब एकदा माझ्याबरोबर बसून करा. लढणारी आणि न लढणारी मिळून हिशेबापुरती १ लाख माणसं धरू. माणशी अर्धा किलो धान्य, तेही पोट भरायला नाही, पाय चालते राहायला. रोजचे ५० टन झाले. घोडी ३० हजार धरू. राबत्या घोड्याचं नुसत्या गवतावर भागत नाही, हरभऱ्याची चंदी लागते. तोबऱ्यात ३ किलो घातली तर ९० टन. एकूण १४० टन. बैलाच्या पाठीवर साधारण १ क्विंटल बसतं. म्हणजे रोज १४०० लादलेले बैल छावणीत शिरले पाहिजेत, आणि उद्या सकाळी आणखी १४००. यात वैरण नाही, सरपण नाही, हत्ती-उंट नाहीत, तोफा ओढणारे बैल नाहीत, आणि हे धान्य आणणारे बैल स्वतः काय खाणार तेही नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून १४ जानेवारी १७६१ पर्यंत असे ७५ दिवस.

आता हीच कहाणी कोठीवाल्याच्या नजरेनं बघा. उदगीरला निजामावर जय मिळवून भाऊसाहेब मार्च १७६० मध्ये परतुडाहून उत्तरेला निघाले. यमुनेवर पोचेपर्यंत पावसाळा लागला, नदी फुगली, दुआबात, म्हणजे गंगा-यमुनेमधल्या मुलखात, उतरता येईना. आणि धान्य होतं ते दुआबात, जिथं नजीबखान रोहिला बसला होता. ऑगस्टमध्ये दिल्ली घेतली. दिल्ली घेतली हे तुम्ही छाती फुगवून सांगता. पण तिथं दाणा नव्हता आणि पैसाही नव्हता. दिवाण-ए-खासच्या छताची चांदी उतरवून नाणी पाडावी लागली. कोणी त्याला लूट म्हणतं, कोणी बादशाहीचा अपमान म्हणतं. मला त्यात फक्त पगार थकलेली फौज दिसते.

मग १७ ऑक्टोबरला कुंजपुरा. हा खरा आनंदाचा दिवस, कारण अब्दालीसाठी भरून ठेवलेला धान्यसाठा आपल्या हाती आला. त्यानंतर आठ-नऊ दिवसांतच अब्दालीनं बागपतजवळ यमुना ओलांडली आणि तो भाऊ आणि दिल्लीच्या मधे येऊन बसला. दोघांनी एकमेकांची घरची वाट तोडली. फरक एवढाच, की अब्दालीच्या पाठीशी नजीबखानाचा दुआब होता. आपल्याला पतियाळ्याच्या आलासिंग जाटाकडून काही दिवस धान्य येत राहिलं, पुढं तेही आटलं.

इथं मला गोविंदपंत बुंदेल्यांबद्दल दोन शब्द बोलायचे आहेत, कारण तुमच्या व्याख्यानांत ते कधी येत नाहीत. आलेच तर पैशांचा घोळ घालणारा कारकून म्हणून. वय झालेलं, जन्म महसूल गोळा करण्यात गेलेला, घोडदौडीचा माणूस नव्हे. भाऊसाहेबांची पत्रांमागून पत्रं त्यांना जात होती: पैसे पाठवा, धान्य पाठवा, शत्रूची रसद मारा. त्या म्हाताऱ्यानं दुआबात उतरून गिलच्यांची, म्हणजे अब्दालीच्या अफगाणांची, रसद खरोखर मारली. त्यांच्या छावणीत महागाई झाली. अब्दालीला ते इतकं लागलं, की त्यानं खास त्यांच्यावर वेगवान स्वार सोडले. डिसेंबरमध्ये गोविंदपंत मारले गेले. माझ्या मते पानिपतची लढाई त्या दिवशी हरली, संक्रांतीला फक्त निकाल लागला. या माणसाचा एक फोटो नाही, फ्लेक्स नाही. फ्लेक्सवर घोडा उधळलेला लागतो.

पुढचं लवकर सांगतो, कारण ते सांगताना मलाच बरं वाटत नाही. रात्री सरपण आणि चाऱ्यासाठी बाहेर पडलेली हजारो बिनहत्यारी माणसं कापली गेली. दिल्लीहून खजिना घेऊन निघालेली एक तुकडी अंधारात वाट चुकून थेट गिलच्यांच्या छावणीत शिरली. घोडी मरायला लागली, मेलेल्या जनावरांचा वास छावणीत कोंडला. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडितानं लिहून ठेवलंय, की शेवटी सरदार भाऊंकडं गेले आणि म्हणाले, दोन दिवस कोणाच्या पोटात अन्न नाही, असं कुढून मरण्यापेक्षा लढून मरू. दुसऱ्या दिवशी पहाटे जे रणात उतरले ते उपाशी उतरले. आणि तरीही दुपारपर्यंत पारडं आपल्या बाजूला होतं! इब्राहिमखान गारद्यानं रोहिल्यांची दाणादाण उडवली, हुजुरातीनं, म्हणजे पेशव्यांच्या खाशा फौजेनं, अब्दालीच्या वजिराची मधली फळी मागं रेटली. मग थकलेली घोडी चालेनात, आणि अब्दालीनं राखून ठेवलेली ताजी फौज, पोटभर खाल्लेली, आत घातली.

मल्हाररावांनी काय केलं यावर तुम्ही तासभर बोला, माझी हरकत नाही. इब्राहिमखानाचा गोल, म्हणजे फौज एकत्र बांधून लढणं, बरोबर की होळकरांचा गनिमी कावा बरोबर, यावरही भांडा. पण दोन्ही पद्धतींना चालतं घोडं लागतं.

जाता जाता ‘बाजारबुणगे’ या शब्दाबद्दल. आज ती शिवी आहे. पानिपतावर यात्रेकरू होते, बायकामुलं होती, हा भार फाजील होता, मान्य. पण बुणग्यांतच धान्य विकणारा वाणी होता, नालबंद होता, घोड्याला खरारा करणारा होता, रात्री गवत कापायला जाऊन परत न आलेला होता. फौजेला खाऊ घालणाऱ्या माणसांचं नाव आपण शिवीसाठी ठेवलं, यात सगळं आलं.

तुम्ही म्हणाल, काकांना हरलेलीच लढाई दिसते. घ्या, जिंकलेली घ्या. १७२८ चं पालखेड. निजाम पुण्यात येऊन बसला होता. बाजीराव पुणं सोडवायला आलेच नाहीत. ते निजामाच्या मुलखात शिरले, जालना, खानदेश, गुजरात असं त्याला नाचवत राहिले. त्यांच्या मागं धावता यावं म्हणून निजामानं जड तोफखाना मागं ठेवला, आणि फेब्रुवारीच्या अखेरीस वैजापूरजवळ पालखेडला तो कोंडला गेला. पाणी तोडलं, दाणा तोडला. मोठी हातघाई नाही, मुडद्यांचा खच नाही. ६ मार्चला मुंगी-शेवगावला तह. हिंदुस्थानातला सगळ्यात मुरलेला सेनापती तहानेनं गुडघ्यावर आला. याच्यावर पोवाडा रंगत नाही, कारण तलवार म्यानातच राहिली.

घोड्यावर बसल्या बसल्या कणसं मळून खाणाऱ्या बाजीरावांचं चित्र तुम्हाला फार आवडतं. केवढा साधेपणा, म्हणता. असेल आख्यायिका. पण जरा शेतकऱ्याच्या डोक्यानं बघा: पालखेडचा महिना कोणता? फेब्रुवारी. रानात शाळू उभा, हुरडा होऊन कणसं भरलेली. हलक्या घोडदळाला कोठार बरोबर न्यायची गरजच नाही, कोठार रानात उभं आहे. तंबू नाहीत, बाजार नाही, मागं लांबच लांब शेपूट नाही. त्या कणसात साधेपणा असेल, पण त्याआधी हिशेब आहे. अर्थात ज्याच्या रानातला शाळू होता त्याला कोणी विचारलं असेल असं वाटत नाही. आपण शेतकऱ्याची पोरं आहोत, हेही बोलायला हवं.

जो धडा आपण निजामाला दिला, तो ७५ वर्षांनी आपल्याच मुलखात दुसऱ्यानं गिरवला. १८०३ मध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीनं आधी अहमदनगरचा किल्ला घेऊन तिथं साठा केला आणि मगच तो गोदावरीपार असईकडं सरकला. त्याचा पत्रव्यवहार उघडून बघा, पानंच्या पानं बैलांवर आहेत. बैल कुठले घ्यावेत, हाकणारे कसे असावेत, तांदूळ किती दिवसांचा आहे, बंजाऱ्यांचे तांडे कुठं पोचलेत. असईला त्याची माणसं भरपूर मेली, लढाई त्याला स्वस्तात पडली नाही. पण लढून झाल्यावर त्याची फौज जेवली.

आता महाराजांबद्दल. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणकडच्या लष्कराला त्यांनी धाडलेलं एक पत्र आहे. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ते माहीत आहे. ‘रयतेची काळजी’ म्हणून त्यातली दोन वाक्यं तुम्ही सांगताही. ते सबंध वाचून दाखवा. पावसाळ्यासाठी जमवलेला दाणा आणि गवत आत्ताच उधळलंत तर ऐन पावसात मिळणार नाही, घोडी मरतील, म्हणजे तुम्हीच ती मारलीत असं होईल. मग तुम्ही कुणब्यांच्या घरात शिराल, कोणी दाणे आणेल, कोणी भाकरी, कोणी गवत, कोणी फाटी, कोणी भाजी. कुणबी गाव सोडतील, आणि त्यांना मोगल बरे वाटायला लागतील. आणि मग ते उंदराचं: रात्री दिवा तसाच ठेवाल, उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताची गंजी पेटेल, आणि सगळी पागा बुडेल. स्वराज्याचा धनी उंदराचा विचार करतोय! मी हे पहिल्यांदा नोकरीत असताना वाचलं, गोदामाच्या दारात स्टुलावर बसून, आणि उठून आधी आतले दिवे तपासून आलो. उंदराचं वाक्य व्याख्यानात आलं तर हशा पिकेल अशी तुम्हाला भीती वाटत असावी. पिकू द्या.

पन्हाळ्यावर पोरांना नेता तेव्हा पावनखिंड सांगता. बाजीप्रभूंचं नाव घेताना माझाही गळा दाटतो, त्यात कमी-जास्त करायचं नाही. पण त्या रात्रीआधी सिद्दी जौहरचा वेढा काही महिने बसलेला होता, आणि तेवढे महिने गडावरची माणसं काय खाऊन राहिली? अंबारखान्यासमोर उभे राहा. गंगा, यमुना, सरस्वती, तीन कोठारं. आत गेल्यावर जाडजूड भिंतींचा गारवा लागतो, वर धान्य ओतायची भोकं दिसतात. तिथं पोरं फक्त आवाज घुमतो का ते बघतात आणि सेल्फी काढून बाहेर येतात, कारण पुढं सांगायला कोणी नसतं.

आणि एक घरचं सांगतो. आमच्या गावच्या चावडीत, सातारा जिल्ह्यात कितीतरी गावांत आहे तशी, एक पांढरी संगमरवरी पाटी आहे. पहिल्या महायुद्धात या गावातून इतके गेले, त्यांतले इतके मेले, एवढंच इंग्रजीत कोरलंय. नावं नाहीत, फक्त आकडे. त्या आकड्यात आमच्या पणजोबांचे धाकटे भाऊ आहेत. घरात एवढंच माहीत, की ‘कुतला राहिले.’ मी लहानपणी समजायचो, कुत म्हणजे कोणतं तरी दुखणं.

कुत-अल-अमारा, तैग्रिस नदीच्या वळणावरचं गाव. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत तुर्कांचा वेढा. आत सहावी, म्हणजे पुणे डिव्हिजन, आणि तिच्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी. सेनापती टाउनशेंड. या माणसानं सुरुवातीला कळवलं, की शिधा थोडे दिवस पुरेल. तो आकडा ऐकून सुटकेची फौज अर्धवट तयारीनं, चिखलात, पुरात पुढं ढकलली गेली. नंतर गावात दडवलेलं धान्य सापडत गेलं आणि वेढा कितीतरी जास्त टिकला. मधल्या काळात सुटकेसाठी आलेल्यांचे सुमारे २३ हजार मारले गेले किंवा जखमी झाले. मोजणी चुकली, एवढंच. माझे नऊ दिवस आठवले की टाउनशेंडला शिवी देताना जीभ अडखळते.

शेवटी आत घोडी आणि खेचरं कापून खायची वेळ आली. आपल्या पोरांनी घोड्याचं मांस बरेच दिवस नाकारलं. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी मागवली, तरी बहुतेकांचं मन होईना. रानगवत उकडून खाल्लं, हिरड्या सुजल्या, दात हलायला लागले. विमानांतून पिठाची पोती टाकली, काही नदीत पडली. २४ एप्रिलला ‘जुलनार’ नावाची बोट २७० टन सामान घेऊन रात्री निघाली, ती तुर्कांनी वाटेतच अडवली. पाचव्या दिवशी शरणागती. १३ हजारांच्या आसपास माणसं कैद झाली, आणि त्यांतली हजारो पुढच्या वाटचालीत आणि कैदेत गेली. त्या माणसांना भ्याड म्हणायची कोणाची टाप आहे? ते हरले नाहीत, त्यांचं पीठ संपलं. आमच्या तालुक्यात दरवर्षी डझनभर व्याख्यानं होतात. कुतवर एकही झालेलं मी ऐकलं नाही.

हे सगळं तुम्हाला सांगायचं कारण, तुमच्यासमोर बसलेली पोरं. पहाटे साडेचारला आमच्या डांबरी रस्त्यावर भरतीसाठी पळणारी हीच पोरं रात्री तुमचं व्याख्यान ऐकतात. त्यांतली जी घेतली जातील त्यांतला मोठा भाग ट्रक चालवेल, पूल बांधेल, वायरी ओढेल, भाकऱ्या भाजेल, पोती मोजेल. तुमच्या दोन तासांत त्यांच्यासाठी जागाच नसेल तर तीही उद्या सोयरिकीला ‘बॉर्डरवर असतो’ एवढंच सांगतील, आणि मोजणी करताना मनात म्हणतील, हे काय खरं फौजेचं काम नाही. तिथं गळका डबा भरलेल्यांत धरला जातो.

आणि दुसरं. दाण्याचा हिशेब सांगितला नाही की पराभवाला कारण सांगता येत नाही. मग माणूस शोधावा लागतो. कोणी होळकर शोधतो, कोणी भाऊंचा ताठा, कोणी जातीवर जातो. २६० वर्षांपूर्वीच्या गद्दारावरून ओरडणारी पोरं मंडप सुटल्यावर कोणाच्या आडनावाकडं बघतात, ते मी गेल्या महिन्यात पाहिलंय. त्याबद्दल इथं जास्त लिहीत नाही, मंडळाच्या कार्यकर्त्यांशी समोरासमोर बोललोय.

मागणं फार नाही. दोन तासांतली पंधरा मिनिटं द्या. पानिपत असेल तर गोविंदपंत सांगा, बाजीराव असतील तर मुंगी-शेवगाव सांगा, महाराज असतील तर चिपळूणचं पत्र सबंध वाचा, उंदरासकट. गावात पांढरी पाटी असेल तर व्याख्यानाआधी पोरांना तिच्यासमोर नेऊन आकडे मोठ्यानं वाचायला लावा.

वक्ता मिळत नसेल तर मला बोलवा. माझा आवाज चढत नाही, हे आधीच सांगतो. येताना एक तराजू, घोड्याचा एक जुना तोबरा आणि हरभऱ्याचं एक पोतं आणीन, आणि समोरच्या पोरांकडूनच एका घोड्याची एका दिवसाची चंदी मोजून घेईन. मग तिला तीस हजारांनी गुणायचं, आणि मग पंचाहत्तरांनी. मानधन नको. पोत्यामुळं एसटीत चढता येत नाही, तेवढी रिक्षाची सोय करावी.

आपला,
एक निवृत्त सुभेदार
(कोठीवाला)
सातारा जिल्हा